एक सूत कमी

वृंदाने डिव्हायडर उघडला आणि बाप्पाने अशी किंकाळी फोडली, की समोरच्या क्वार्टर्समधल्या दोन खिडक्या धाडकन उघडल्या.

डोळ्यांवरचं काळं फडकं त्याने कपाळावर ढकललं होतं. त्याच्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक काळा ठिपका होता आणि त्याच्या शेजारी एक लालभडक. आणि नेमक्या त्या ठिपक्यांकडे या दीदीच्या हातातली दोन चकचकीत टोकं येत होती. सहा वर्षांच्या पोराने याहून जास्त काय बघायचं? तो स्टुलावरून उठला, व्हरांड्याच्या कठड्यावर चढला, पलीकडे उडी टाकली आणि गार्डन रीचच्या सबंध रेल्वे कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडत सुटला,

"टीका दिच्छे! टीका दिच्छे रे!"

बंगालीत टीका म्हणजे लस. झालं! पायऱ्यांवर रांगेत बसलेली अकरा मुलं बघता बघता नाहीशी झाली. बाप्पाची एक चप्पल तेवढी कठड्याखाली उताणी पडली होती.

त्याचं तरी काय चुकलं? त्या वर्षी देवीच्या साथीने सरकारच्या नाकी नऊ आणले होते. लस टोचणारे घरोघर फिरत होते, आणि त्यांच्याजवळची नवी सुई दोन टोकांची होती. एकाच जागी पंधरा वेळा टोचायची. कलकत्त्यातल्या पोरांना दुसरं काही येवो न येवो, दोन टोकांचं काही चमकलं की आधी पळायचं आणि मग विचारायचं, हे पक्कं ठाऊक होतं.

"फडकं सैल बांधलं होतंस," वृंदाचे बाबा म्हणाले. ते शेजारच्या टेबलाशी वही उघडून बसले होते.

"बाबा, पोरं पळाली!"

"ते दिसलं मला. फडकं सैल होतं, तेही दिसलं."

वृंदा त्या रिकाम्या स्टुलावर मटकन बसली. सत्तावीस वर्षांची बाई, कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी. पण या क्षणी कुणी नुसतं 'काय गं' म्हटलं असतं तरी तिला रडू फुटलं असतं.

तिचा प्रयोग सांगायला अगदी सोपा होता. मुलाचे डोळे बांधायचे. टोकाला कोळसा लावलेल्या काडीने त्याच्या हातावर अलगद एक ठिपका द्यायचा. मुलाच्या दुसऱ्या हातात आलत्यात बुडवलेली काडी द्यायची, बंगाली बायका पायांना लावतात तो लाल आलता. जिथे स्पर्श झाला असं वाटलं, तिथे त्याने ती टेकवायची. मग काळ्या आणि लाल ठिपक्यांमधलं अंतर डिव्हायडरने उचलायचं आणि फूटपट्टीवर मोजायचं. मुलाच्या कातडीला स्वतःचा पत्ता किती बरोबर ठाऊक असतो, ते त्या अंतरावरून कळतं. सहा ते नऊ वर्षांची चाळीस मुलं हवी होती. तिच्या मार्गदर्शक अणिमादी पूजेच्या सुट्टीआधी निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांनी बजावून सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी चाळीस मुलांचे आकडे माझ्या टेबलावर. एकोणचाळीस आणलेस तर आणूच नकोस. मी गेल्यावर नव्या माणसाबरोबर नव्याने सुरुवात कर." दोन वर्षांची मेहनत होती ती. आज रविवार होता, आणि वहीत मुलं होती अठ्ठावीस.

खरं तर बत्तीस होती. चार बाबांनी बाद केली होती.

बाबा, म्हणजे दिगंबर खांबेटे, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये चौतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून ते लेकीची वही सांभाळायला आले, आणि पहिल्याच रविवारी वृंदाच्या लक्षात आलं की आपण बरोबर गस्तीपथकच घेऊन आलो आहोत. एका मुलाने शिंकताना मान वर केली, बाद. एकाच्या काडीला आलता जास्त लागला, ठिपक्याचा ओघळ झाला, बाद. एकाने तर 'आजोबा, तुमचा चष्मा वाकडा आहे' असं डोळे बांधलेले असताना सांगितलं, तो अर्थात बाद. चौथी सरोजची शकुन. सरोजच्या व्हरांड्यातच हा सगळा कारखाना मांडलेला. तिचा नवरा प्रमोद रेल्वेच्या ऑफिसात, मूळचा नागपूरचा. तिची सात वर्षांची मुलगी फडक्याच्या खालच्या फटीतून नाकाच्या शेंड्यावरून बघत होती. यजमानीण बाईंची मुलगी म्हणून तरी माणसाने काणाडोळा करावा! पण नाही. बाबांनी तिच्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली होती, आणि तेव्हापासून शकुन त्यांच्याशी बोलत नव्हती.

पण हे काही वृंदाला नवीन नव्हतं. लग्न ठरवताना बाबांनी भावी सासऱ्यांना आपली उंची 'पाच फूट सव्वातीन इंच' अशी लिहून कळवली होती. आई अजून सांगते, "माझे वडील म्हणाले, जो माणूस स्वतःची पाव इंच उंची चोरत नाही आणि वाढवतही नाही, त्याला मुलगी द्यायला हरकत नाही." आईला ते कौतुक वाटायचं. वृंदाची आठवण जरा वेगळी होती. ती आठ वर्षांची असताना शाळेतल्या सव्वीस जानेवारीच्या कवायतीत चार फूट उंचीच्या मुली घ्यायच्या होत्या. घरून उंची लिहून, सही करून आणायची. बाबांनी तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं, मोजलं.

"एक सूत कमी आहे."

एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिने टाचा उचलल्या, हट्ट केला, रडली, जेवली नाही. बाबांनी कागदावर 'चार फुटांना एक सूत कमी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मार्च महिन्यात तिची उंची चार फूट झाली. तेव्हा कवायत होऊन महिना उलटला होता. पाठीवरून हात फिरवून 'जाऊ दे' म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. माप जे असेल ते असेल, एवढंच त्यांना येत होतं.

सरोज कॉलनीतून परत आली तीच डोक्याला हात लावून.

"वृंदाताई, काही खरं नाही. नळावर बायका म्हणताहेत, सरकारी बाई आहे, रक्ताचे ठिपके काढते आणि मग टोचते. मी आलत्याची बाटली दाखवली, तर म्हणतात बाटलीत काय आहे कुणाला ठाऊक!"

"आणि मुलं?"

"मुलं आहेत. त्या बांबूंच्या मागे."

समोरच्या मैदानात पूजेच्या मांडवाचे बांबू रचून ठेवले होते. त्यांच्यामागून बारा डोकी वर येत होती आणि खाली जात होती. वृंदाने स्टुलावरून उठून हाक मारली, तशी बाराच्या बारा गडप झाली.

"आवरू या, बाबा," ती म्हणाली. "नाही होत हे. चुकलंच माझं. मी शाई वापरायला हवी होती, निळी."

बाबांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं, चष्मा पुसला. मग ते उठले, ते पिटुकलं स्टूल एका हातात आणि काड्या, डिव्हायडर आणि दुसरं फडकं ठेवलेलं तबक दुसऱ्या हातात घेतलं आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन बसले. गुडघे पार छातीशी आले.

"शकुन!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये."

शकुन दाराआडून बाहेर आली, पण पाय घट्ट रोवून उभी राहिली. "मी का येऊ? मी बाद आहे."

"बाद आहेसच. पण माझे डोळे बांधायला कुणीतरी पाहिजे."

"तुमचे?"

"माझे. आणि घट्ट बांध हं. मी लबाडी करीन."

एवढं आमंत्रण मिळाल्यावर शकुन थांबते कसली! तिने असं काही फडकं आवळलं, की बाबांचे कान पुढे आले. मग त्यांनी चाचपडत उजव्या मनगटाचं बटण काढलं. बाबांच्या शर्टाच्या बाह्या भर वैशाखातही मनगटापर्यंत बंद असत. तो गोरापान, पांढऱ्या लवेचा हात वृंदानेही कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि हात पुढे केला.

"ये, वृंदे. घे माप."

"बाबा, हे काय आता..."

"वेळ घालवू नकोस."

तिने कोळशाची काडी मनगटाच्या चार बोटं वर अलगद टेकवली आणि उचलली. बाबांनी डाव्या हातातली आलत्याची काडी हवेत जराशी फिरवली, विचार केला, आणि टेकवली. ठिपका काळ्यापासून चांगलाच दूर पडला.

बांबूंच्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"शकुन, तू मोज," बाबा म्हणाले. "डिव्हायडर ठेव माझ्या हातावर. घाबरू नकोस, ते नुसतं मोजायचं असतं. हं, ठेव, दोन्ही टोकं ठेव. टोचतंय का मला? छे! किती भरलं?"

शकुनने जीभ बाहेर काढून फूटपट्टी वाचली. "पंचवीस मिलिमीटर! आणि अगदी थोडंसं."

वही आता वृंदाकडे होती. तिने पंचवीस लिहिलं. मुलांची चूक साधारण दहा-बारा मिलिमीटर असायची.

दुसऱ्या वेळी एकावन्न. आता डोकी बांबूंच्या वर आली होती आणि वरच राहिली होती. तिसऱ्या वेळी बाबांची काडी निघाली ती जवळजवळ कोपरापर्यंत जाऊन पोचली, आणि मग मात्र सगळं मैदान खदखदून हसायला लागलं. बांबूंमागून सगळी पलटण बाहेर पडली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"शहात्तर!" शकुन किंचाळली. "आजोबा, शहात्तर! तुम्हाला तर काहीच कळत नाही!"

बाबांनी फडकं वर केलं, हाताकडे पाहिलं आणि कपाळावर थाडकन हात मारून घेतला. "अरे देवा! एवढा चुकलो?"

"दादू हेरे गेछे! दादू हेरे गेछे!" कॉलनीतली मराठी, बंगाली, तेलुगू सगळी पोरं एका सुरात ओरडायला लागली. आजोबा हरले.

बाप्पा चप्पल न्यायच्या निमित्ताने जवळ आला होता. त्याने बाबांच्या हाताला एक बोट लावून पाहिलं, रक्त नाही ना याची खात्री केली आणि छाती काढून म्हणाला, "आमि पारबो." मला येईल.

"तुला? अरे, मला साठ वर्षांत आलं नाही ते तुला येणार?"

"पारबो!"

झालं, लागली रांग. आणि या वेळी पुढे जाण्यासाठी ढकलाढकली. जो तो आजोबांना हरवायला निघालेला. बाबा पुन्हा वहीशी जाऊन बसले, बाही खाली केली, बटण लावलं आणि पुन्हा पहिल्यासारखे झाले. "मान सरळ. काडीला आलता कमी लाव. फडकं घट्ट." बाप्पाचं मघाशी एकही माप वहीत गेलं नव्हतं, म्हणून तो चालेल असा त्यांनी निकाल दिला. "माझं पण घ्या ना आता," शकुन म्हणाली, तर "एकदा बाद ते बाद," म्हणाले. पण डिव्हायडर तिच्याच हातात राहू दिला. दुपारी दोनला वहीच्या शेवटच्या ओळीत चाळिसावं नाव पडलं. सरोजने सगळ्यांना बत्तासे वाटले, आणि बाप्पा आजोबांपेक्षा पासष्ट मिलिमीटरने शहाणा आहे ही बातमी नळापर्यंत पोचली.

वृंदाला नाचावंसं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण परतीच्या बसमध्ये राहून राहून तिची नजर बाबांच्या बंद बाहीकडे जात होती. शहात्तर मिलिमीटर! पोरं हसली तेव्हा तीही हसली होती. सहा वर्षांच्या पोराला कळतं ते या माणसाला कळेनासं झालं, आणि आपण त्याला रोज बाजारात पाठवतो, उकळतं दूध उतरवायला सांगतो.

"बाबा, हाताला मुंग्या येतात का हो?"

"कुठल्या मुंग्या?"

"बधिर वाटतं का? गरम कप धरला तर चटका कळतो?"

"तुझ्या आईच्या हातचा चहा कधी गरम असतो?" बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. उतरताना तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, त्यामुळे तर तिला अधिकच काळजी वाटली.

घरी आल्यावर तिने हळूच आईच्या कानावर घातलं.

"यांचा हात बधिर?" प्रेमलताबाई हसायलाच लागल्या. "अगं, गोदीत कापडाच्या गाठीत हात घालून, न बघता, माल कोणत्या गिरणीचा ते सांगायचे. गेल्या दिवाळीत माझ्या साडीचा पदर चिमटीत धरला आणि दुकानदाराने फसवलंय म्हणाले. फसवलंच होतं मेल्याने! भर मैदानात पोरांपुढे हात पुढे करायला यांना सांगितलं कुणी? हात दाखवून अवलक्षण!"

वृंदा खिडकीशी आकडे उतरवायला बसली. ऊन अजून टेबलावर होतं. चाळीस मुलांचे आकडे. आणि वहीच्या मागच्या पानावर, कुठल्याच हिशेबात न बसणारे, तिच्याच अक्षरातले तीन. पंचवीस, एकावन्न, शहात्तर. केवढं असतं हे अंतर, म्हणून तिने डिव्हायडरची टोकं शहात्तरवर उघडली आणि नुसती बघत राहिली. मग ती उचलून, उगीच, फूटपट्टीच्या दुसऱ्या कडेवर ठेवली. ती कड इंचांची होती. तिकडे ती कधी बघत नसे. बाबाच तेवढे अजून इंचात मोजत; मिलिमीटरला ते मुंग्यांचं माप म्हणत.

बरोबर तीन इंच.

तिने टोकं एकावन्नवर लावली आणि पट्टी पुन्हा फिरवली. दोन इंच. पंचवीस आणि थोडंसं. एक इंच.

वृंदाने डिव्हायडर खाली ठेवला. एक, दोन, तीन. ज्याला स्पर्श कुठे झाला हेच कळत नाही, त्याची चूक अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी वाढत नाही. बरोबर एक इंच चुकायचं, तर बरोबर जागा कुठे आहे ते आधी नेमकं ठाऊक असावं लागतं. तेही शकुनने आवळलेल्या फडक्याआड. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खोटं माप दिलं होतं, आणि तेसुद्धा मोजूनमापून दिलं होतं!

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि तरी हसू थांबेना. इंचाला आठ सूत. एक, दोन आणि तीन, म्हणजे सहा इंच. एका सुतासाठी तिला रडवणाऱ्या माणसाने आज तिच्यासाठी भर मैदानात अठ्ठेचाळीस सूत उधळले होते.

"काय गं, काय झालं?" आईने आतून विचारलं.

"काही नाही!"

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हात द्या."

"कशाला?"

"एक माप राहिलंय."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या फूटपट्टीकडे, तिची इंचांची कड वर होती. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"ते तीन आकडे वहीत घालू नकोस," ते पुटपुटले. "खोटे आहेत."

"नाही घालत. डोळे मिटा."

"फडकं?"

"नको. तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"आज तरी ठेवू नकोस," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटले.

बटण तिनेच काढलं. हातावर आलत्याचे तीन ठिपके अजून तसेच होते. साबणाने धुऊनही गेले नव्हते. तिने काडी आणलीच नव्हती. मनगटाच्या जरा वर तिने आपलं बोट टेकवलं आणि ते उचललं नाही.

बाबांचा दुसरा हात आला. तो हवेत फिरला नाही, थबकला नाही. सरळ आला आणि त्यांचं बोट तिच्या नखावर येऊन बसलं. बोटाखाली आपली कातडी नाही, हे त्यांना कळलंच असणार.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक सूत चुकलात," वृंदा म्हणाली.

"खोटं," बाबा म्हणाले. पण डोळे त्यांनी उघडले नाहीत, आणि बोटही उचललं नाही.